तेराव्या महिन्याचा खर्च

अंबड,
१४ मे २०२६

चि. तृप्तीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळे धडधाकट हायत. कानात मशीन घातलं की ते शिट्टी मारतं, काढलं की फोनमधून नुसती मुंगी चालल्यावानी आवाज येतो, म्हणून हे पत्र. चौथीपर्यंतचं अक्षर हाय, जुळवून वाच.

तुझ्या आजोबामागं वाटणी झाली तेव्हा पंचांनी माझे बी महिने वाटले, ते तुला माहीत हाय. चैत्र काकासाहेबाकडं म्हणजे तुझ्या बापाकडं, वैशाख भागवतकडं, ज्येष्ठ परत तुझ्या बापाकडं, असं फाल्गुनापर्यंत. माझ्या नावचा एक एकर दोघांनी निम्मा निम्मा कसायचा अन् त्या बदल्यात पाळीपाळीनं मला भाकरी घालायची. पंच मोठे शहाणे. बारा महिने मोजले अन् चहा पिऊन उठले. धोंड्याचा महिना बी येत असतो, हे एकाच्या ध्यानात आलं न्हाई. परवा अमावस्या, वैशाख संपला. भागवत म्हणतो माझी पाळी झाली. तुझा बाप म्हणतो माझा ज्येष्ठ निज, अधिकाचं मला सांगू नका. दोघं बराबर बोलतात, म्हणून तर भांडण मिटंना. मला ऐकू येत न्हाई, पण दिसतं. भागवत फोन घेऊन अंगणात फेऱ्या घालून राह्यला अन् त्याच्या बायकोनं माझी लुगडी कालच पेटीत भरून ठिवली.

म्हणून मी माझं ठरवलं. भोकरदनला लालबीच्या घराची मागची खोली रिकामी हाय. लालबी म्हणजे आपल्या बांधाला बांध होता ती. तिचा नवरा फकरोद्दीन अन् तुझे आजोबा एकाच बैलजोडीवर दोन शेतं वहायचे. शेळी विकली, तिचे सहा हजार हायत. तेवढ्यात हा महिना काढते. दोघांना तोंडावर सांगून टाकलं, की कुणापुढं हात न पसरता पुढच्या अमावस्येपर्यंत निभलं तर मी पाळीला परत येणार न्हाई अन् एकराचं काय ते मी ठरवीन. न्हाई निभलं तर एकर तुमच्या नावावर सही करून देते अन् मुकाट फिरते. दोघांनी लगेच मान डोलावली. एवढ्या जल्दी तर त्यांनी माझी गोळी कधी आणली न्हाई.

बोलून तर बसले. पण शहात्तर वर्षांत माझ्या हातात महिन्याचा पैसा कधी आला न्हाई. आधी सासूच्या कमरेला किल्ली, मंग तुझ्या आजोबाच्या बंडीत पाकीट, मंग पोरं. सालाचं गणित मला येतं. माल एकदा घरात येतो अन् तो सालभर पुरवायचा. रोज थोडं थोडं इकत आणून खायचं अन् तरी तीस तारखेला हातात काही ठिवायचं, हे मला ठाऊक न्हाई. तू कंपनीत हिशोबाला बसतीस. कसं करतात ते भोकरदनच्या पत्त्यावर लिही.

पैसे पाठवू नको. माया आटू देऊ नको.
तुझी आजी,
पुष्पाबाई


नवीन जालना,
१७ मे २०२६

ती. आजीस,
तृप्तीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. लगेच पप्पांना फोन केला. ते म्हणाले, बाईच्या डोक्यात आलं की ते कुणाला काढता येत नाही, आठ दिवसांत आपोआप येईल. मला ते आठ दिवसच मोठे वाटतात. मे महिना, पत्र्याची खोली, तुझं बीपी, आणि दार वाजलं तर तुला ऐकू येणार नाही. आजी, एकरावर सही करायची भाषा तरी करायला नको होतीस. ती जमीन आहे म्हणून दोन्ही घरांत तुला ताट मिळतं, हे तूच मला सांगितलं होतंस.

तरी तू विचारलंस म्हणून लिहिते. आमच्या बियाणे कंपनीत नव्या लोकांना एक दिवस शिकवणी झाली होती. त्यांनी सांगितलं की हातात येणाऱ्या पैशाचे तीन वाटे करायचे. पन्नास टक्के गरजेला, तीस टक्के हौसेला आणि वीस टक्के शिल्लक. वाटे पहिल्याच दिवशी वेगळे ठेवायचे आणि एका वाट्यातून दुसऱ्यात हात घालायचा नाही. माझं म्हणशील तर पगार पंधरा हजार. पप्पांना चार पाठवते, खोलीचे तीन, मेसचे बत्तीसशे, फोनचा हप्ता एकोणीसशे, रिक्षा-बस आठशे. एकवीसशे उरतात. माझं बरं चाललंय, तू माझी काळजी करू नकोस.

लालबी आजींच्या सुनेचा, नसरीनचा नंबर मी घेतला आहे. काही लागलं तर तिला खूण कर. जीव टांगणीला लागला आहे एवढं लक्षात ठेव आणि आहे ती माया तशीच राहू दे.
तुझी,
तृप्ती


भोकरदन,
२३ मे २०२६

चि. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी मेले न्हाई. खोली बरी हाय. दुपारी भट्टी होती, तेव्हा मी लालबीच्या ओसरीत लोकांची वाकळ शिवत बसते. भाडं पंधराशे, त्यातच लाईट अन् गॅस धरलाय असं लालबी म्हणली. मला वाटलं ती बुडून राह्यली, पण तिचं तिला कळतं. दार वाजल्याचं ऐकू येत न्हाई म्हणून नसरीननं कडीला सुतळी बांधून ती आत माझ्या बाजेला आणून दिली. कुणी आलं की बाहेरून वढतं. लालबीची शेळी बी वढती.

तुझं पन्नास-तीस-वीस वाचलं. सहा हजाराचे तीस टक्के नसरीननं फोनवर काढून दाखवले. अठराशे. अठराशेची हौस मी कोणती करू ते लिहायचं राह्यलं तुझ्या पत्रात. माझी हौस मिश्री, साठ रुपयांची डबी महिनाभर जाते. ज्यानं हे शोधून काढलं त्याच्या घरात म्हातारं माणूस नसंल, न्हाईतर गोळ्या गरजेत धरायच्या का हौशीत, ते त्यानं लिहिलं असतं.

पण वाटे पहिल्या दिवशी करायचे, हे पटलं. चार डबे मांडले. भाड्याचा तर लगेच मोकळा झाला. एक किराण्याचा, एक औषधाचा, एक दूध-भाजीचा. किराण्याचं मी माझ्या सवयीनं केलं, सगळं एकदम भरलं. ज्वारी, दाळ, तेल, चहा, साखर, सगळं. त्याच झोकात बाजारात वांगे स्वस्त दिसले तर दोन किलो घेतले. चार दिवस वांगे खाल्ले. पाचव्या दिवशी लालबीच्या शेळीनं खाल्ले. म्हणजे हे एक शिकले, की भाजीला सालाचं गणित लावायचं न्हाई.

दूध मात्र इथं बराबर भावात मिळतं. लालबीचा पोरगा आमिर म्हशी ठिवतो, तीस रुपये लिटरनं देतो. आपल्या घरून डेअरीत तीसनंच जातं, म्हणजे ह्यानं लुटलं न्हाई. रोज अर्धा लिटर घेते.

आता तुझं. एकवीसशे उरतात म्हणतीस, मंग मागच्या महिन्यात वीस तारखेला आईला फोनचं रिचार्ज कामून मारायला लावलं? मला ऐकू येत न्हाई, पण तुझी आई कुणावर चिडली ते तिच्या तोंडावर दिसतं. तुझ्या हिशोबात तू कपडे नेसत न्हाईस, आजारी पडत न्हाईस, कुणाच्या लग्नाला जात न्हाईस. असा माणूस मी पाह्यला न्हाई.

रात्री डबे उघडून बघायची सवय लागली. पैसे तेवढेच असतात, तरी उघडते. ह्याला काही औषध असलं तर कळव, न्हाईतर नुसती आठवण ठिव.
तुझी आजी


नवीन जालना,
२५ मे २०२६

ती. आजीस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझी शेळी वाचून आकांक्षा, म्हणजे माझी खोलीतली मैत्रीण, हसून हसून पडली. मला मात्र रात्री डबे उघडण्याचं वाचून हसू आलं नाही. मीही महिनाअखेरीला तसाच फोनवर बँकेचा आकडा उघडून बघते. तो वाढलेला कधी दिसत नाही.

रिचार्जचं तुझं खरं आहे. त्या महिन्यात दोन लग्नं होती. बाकी विचारू नकोस.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. साधना आत्याचा फोन आला होता. ती आणि राधेश्याम मामा परतूरहून धोंड्याला येणार म्हणतात. पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, ह्या वेळी बाईनं घर केलंय, तर जावयाचा मान बाईकडं. भागवतकाकाही तेच म्हणाले. आजी, तुझ्या सहा हजारांत हे कुठे बसणार? मी आत्याला येऊ नका म्हणून सांगू का? की मी काही पाठवू? तू हात पसरलास असं त्याला कुणी म्हणणार नाही, मी आपणहून देतेय.

दूध घेत जा, बंद करू नकोस. पत्राची वाट बघते. उशीर झाला की नको नको ते मनात येतं. लोभ आहेच, तो काळजीत बुडू नये एवढंच.
तुझी,
तृप्ती


भोकरदन,
३१ मे २०२६

चि. तृप्तीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दोघं दारात हजर. साधनानं सुतळी वढली. राधेश्याम बासष्ट वर्षांचा, साखर झालेला, गोड खाल्लं की पाय सुजतात, पण धोंड्याचा मान म्हणल्यावर उन्हातान्हात एस्टीनं आला. पोटच्या पोरीला दारातून परत कसं धाडू? पुरणाचे धोंडे केले. तेहतीस अनारसे करायची ऐपत न्हाई, म्हणून तांब्याच्या ताम्हनात तेहतीस बत्तासे ठिवले. जावयानं बत्तासे बोटानं बाजूला सारून खाली चांदीचा दिवा हाय का ते बघितलं. मी म्हणलं दिवा न्हाई, ताम्हनच हाय, घासून वापरा. टॉवेल-टोपी दिली, साधनाला खण दिला. सगळे मिळून नऊशे गेले.

जाताना साधनानं उशीखाली दोनशे ठिवले. मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन तिच्या पिशवीत परत कोंबले. ती रडली. मी म्हणलं रडायचं असंल तर भावांच्या दारात जाऊन रड, माझ्याकडं रडण्यापुरता डबा न्हाई. तुझे पैसे बी त्याच कारणानं नकोत. आपणहून दिलं का मागून दिलं, घेणाऱ्याला दोन्हीचं वजन सारखंच लागतं.

आता अकराशे उरले अन् अर्धा महिना जायचाय. तृप्ती, तुला म्हणून लिहिते, कुणाला वाचून दाखवू नको. मी आयुष्यात दोन दुष्काळ काढले, पण तेव्हा भूक सगळ्या गावाची होती. ही माझ्या एकटीची हाय. परवा बीपीची गोळी अर्धी करून खाल्ली तर दिवसभर भिंत हालून राह्यली, म्हणून परत पूर्ण सुरू केली. मशीनचे सेल संपले ते आणले न्हाईत. ऐकू न्हाई आलं तर मरत न्हाई माणूस.

वाकळीचे तीनशे येतील बुधवारपर्यंत. एक बरं हाय, ह्या खोलीतलं सिलिंडर द्रौपदीच्या थाळीवानी हाय, संपतच न्हाई. दूध बी स्वस्त. भोकरदन एवढं सोपं असंल तर लोक पुण्याला कामून जातात ते कळंना.

तुझी आजी अजून उभी हाय. तू बी तुझ्या जागी नीट उभी राह्य.
आजी


(गावाकडून, दुधाच्या गाडीबरोबर)
५ जून २०२६

ती. बाईच्या चरणी,
काकासाहेबाचा सा. नमस्कार. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही व समोर आलो तर तुम्ही बोलू देत नाही, म्हणून चिठ्ठी देतो. मोंढ्यात गेलो की व्यापारी विचारतात, की तुमच्या माय भाड्यानं राहतात म्हणं. मी काय उत्तर द्यावं? कालपासून तिकडं जायचंच सोडलं आहे. भागवत अंबडला आहे, त्याला कोणी विचारत नाही. तोंड मला दाखवावं लागतं.

तुम्हाला आम्ही उपाशी ठेवलं असं नाही. अधिक महिना माझा नव्हता एवढंच मी म्हणालो होतो, जा असं म्हणालो नव्हतो. निज ज्येष्ठ माझा आहे व तो मी पाळणार. तरी १६ तारखेला सकाळी टेम्पो घेऊन येतो. बोलल्याप्रमाणे कागदही करून आणतो, म्हणजे पुढे भावाभावात वाद राहणार नाही. पैसे किती उरले ते कळवलं तर बरं होईल. तब्येतीला जपावं व लेकरावर राग ठेवू नये.
आपला,
काकासाहेब


भोकरदन,
११ जून २०२६

तृप्ती,
आशीर्वाद नंतर. आधी हे वाच.

आज सकाळी आमिर दूध घालत होता. समोरच्या घरची नवी बाई भाव विचारायला आली. मला ऐकू आलं न्हाई, पण त्यानं हाताची पाच बोटं दाखवली अन् वरून एक अंगठा. सहा. म्हणजे साठ. तिनं मान हालवली, अर्धा लिटर घेतलं अन् तीस रुपये मोजले. मी त्याच अर्ध्या लिटरला पंधरा देत आले. आमिरनं माझ्याकडं बघितलं अन् सायकल काढून पळाला, किटलीचं झाकण बी इथंच सोडलं.

मंग मी लालबीला धरलं. ती आधी हसली, मंग अल्लाची शपथ घ्यायला लागली, मंग म्हणली नसरीनला विचार. नसरीननं फोन काढून दाखवला. अठरा मेला पंधराशे, तुझ्या नावानं. सिलिंडरचे साडेनऊशे, दुधाच्या निम्म्या भावाचे साडेचारशे, अन् शंभर भाजीवालीच्या हातात, मला जुडी मोठी द्यायला. मी जगाला सांगत फिरले की दूध डेअरीच्या भावानं मिळतं. जन्मभर इकायचा भाव ऐकत आले, घ्यायचा कधी ऐकला न्हाई, म्हणून फसले. तुला बराबर माहीत होतं मी कुठं फसीन.

अन् नसरीन सांगती, की तू एका वेळची मेस बंद केली अन् त्या आकांक्षाकडून उसने घेतले. स्वतः एक वेळ जेवून मला दूध पाजलंस? ह्याला तुमच्या कंपनीत काय म्हणतात, गरज का हौस?

अमावस्येला माझ्या हातात सहाशे चाळीस उरतील, मी दमडी दमडी धरली हाय. त्यातून तुझे पंधराशे काढले तर मी आठशे साठनं खाली. म्हणजे महिना निघाला न्हाई. काकासाहेब सोळाला कागद घेऊन येतोय. मी सही करणार.

रागावले नसते तर बरं झालं असतं, पण रागावले.
आजी


नवीन जालना,
१३ जून २०२६

ती. आजीच्या चरणी,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पोस्टानं वेळेवर पोचणार नाही म्हणून भोकरदनच्या गाडीच्या कंडक्टरकडे देत आहे. तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि दिवसभर आकडे चुकवले.

मी चुकले, पण मला दुसरं काही सुचलं नाही. तू नको म्हणालीस तरी तुझं अर्धं जेवण डोळ्यांसमोर यायचं. आणि आजी, तू मागितलेस का? नाही. तुला माहीत होतं का? नाही. मग हात पसरला असं कसं होईल? पप्पांना कळायचं कारणच नाही. लालबी आजी बोलणार नाहीत, नसरीन बोलणार नाही. तू सहाशे चाळीस दाखव आणि गप्प बस. पाया पडते. एकदा सही झाली की तुझं ताट त्यांच्या मर्जीवर आलं. आज पाळी आहे, उद्या तीही कुणी पाळली नाही तर कुठे जाशील? मी अजून खोलीत तिघींबरोबर राहते, मी तुला कुठे ठेवू? रात्री हाच विचार येतो.

आकांक्षाचे पैसे मी जुलैच्या पगारातून देईन. तिला घाई नाही. मला काही होत नाही, भूकही हल्ली कमी लागते.

ह्या एका वेळी तुझ्या खरेपणापेक्षा माझं ऐक. रागासकट माझी राहा.
तृप्ती


भोकरदन,
१८ जून २०२६

चि. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कंडक्टरनं पत्र बराबर आणून दिलं. तुझं ऐकलं न्हाई.

काकासाहेब मंगळवारी सकाळीच आला. टेम्पो गल्लीत आडवा लावला, खिशात टाईप केलेला कागद, त्यावर भागवतची सही आधीच झालेली. मी मशीनमध्ये सेल घातले. म्हणलं मारू दे शिट्टी, आज ऐकलं पाह्यजे. अन् तू लपवायला सांगितलेलं पहिलंच सांगून टाकलं. म्हणलं, हातात सहाशे चाळीस हायत, पण पंधराशे तुझ्या लेकीचे माझ्या पोटात गेले, म्हणजे आठशे साठनं मी हारले, पेन दे. लालबी भिंतीला टेकून उभी होती, तिनं कपाळाला हात लावला.

त्यानं पेन दिला न्हाई. आधी विचारलं तृप्तीनं आणले कुठून. मी सांगितलं, एक वेळ उपाशी राहून अन् मैत्रिणीकडून उसने. मंग तो म्हणला, एकट्या बाईला सहा हजार लागले कशाला. त्याला वाटलं लालबीनं लुटलं. मी डबे पुढं ओढले अन् एकेक सांगत गेले. भाडं, किराणा, गोळ्या, भाजी, बोलता बोलता साधनाच्या धोंड्याचे नऊशे आले. तिथं त्यानं थांबवलं. म्हणला हे ह्या पैशातून केलं? म्हणलं मंग कशातून, तुम्ही दोघांनी तर मान माझ्याकडं ढकलला. तो म्हणला आम्हाला वाटलं तू दोन पुरणाचे धोंडे वाढशील, ताम्हन-खणापर्यंत जाशील हे कुणाला माहीत.

अन् मंग त्याचा आवाज असा चढला की मशीन काढून ठिवलं तरी ऐकू येऊन राह्यलं. दोन भाऊ धडधाकट असताना बहिणीचा धोंडा मायनं शेळी इकून केला, हे राधेश्यामनं परतूरच्या चहाच्या दुकानापर्यंत नेलं असणार. मोंढ्यात आधीच तोंड दाखवता येईना, आता सोयऱ्यांत बी येणार न्हाई. खिशातून नऊशे काढून त्यानं डब्यावर आपटले. म्हणला निम्मे मी भागवतकडून घेतो, हे आमचंच देणं होतं.

मी हात लावला न्हाई. आधी इचारलं, हे मी मागितले का. तो म्हणला मागायचा प्रश्नच कुठं येतो. म्हणलं तुमचं देणं माझ्या डब्यातून गेलं असंल तर हिशोब परत मांड. त्यानंच बोटावर मांडला. नऊशेतून आठशे साठ गेले. चाळीस राह्यले. म्हणजे माझा महिना निघाला, ते त्याच्याच बोटांवर. खिशातल्या कागदावर हात गेला, तो तिथंच राह्यला. लालबी पदर तोंडात कोंबून आत पळाली.

मी त्याला जेवायला वाढलं. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली. मंग मी माझं सांगितलं. एकर ह्या सालाला तुम्हीच पेरा, पेरणी तोंडावर आलीय, आता मोडता घालणार न्हाई. पण माल निघाला की अर्धा वाटा माझ्या हातात, अन् तोवर ज्याची पाळी त्यानं ज्वारी-दाळ इथं आणून टाकायची. पाळी माझी न्हाई, पोत्याची. तो हो म्हणला न्हाई अन् न्हाई बी म्हणला न्हाई. रिकामा टेम्पो घेऊन गेला. तू त्याला महिन्याला चार हजार धाडतीस ते तीन कर, हे बी मी त्याला सांगून ठिवलंय. तेव्हा तो बुटं घालत होता, त्यामुळं तोंड दिसलं न्हाई.

तुझे पंधराशे नसरीनच्या फोनवरून आज धाडले. परत पाठवलेस तर मी खरंच सही करीन. आकांक्षाचे देऊन टाक अन् दोन्ही वेळ जेव. भूक कमी लागते म्हणून लिहितीस, ते मी वीस वर्षं सासूला सांगितलेलं हाय, मला शिकवू नको.

आता चाळीस रुपये हायत अन् महिना कालपरवा लागलाय. दूध पाव लिटरवर आणलं, साठच्या भावानं. ह्या महिन्याचं भाडं माल निघाल्यावर देते म्हणून लालबीला कबूल केलं. पुढच्या सिलिंडरचे तरी माझ्याकडून घे म्हणून तिच्याशी भांडले, ती वाकळी शिवून फेड म्हणली, चार ठरल्या. तीन शिवायच्या हायत अन् डोळ्याला सुईचं नाकं दिसंना. भीती गेली असं समजू नको. रात्री अजून डबे उघडते, आता तर बघायला बी जास्त न्हाई.

काल संध्याकाळी बाजेची सुतळी हालली. मला वाटलं शेळी. टेम्पोचा ड्रायव्हर होता. वीस किलो ज्वारी म्हणून पोतं उतरवलं, निरोप काही न्हाई, अन् गेला. लालबीच्या काट्यावर घातली तर अठराच भरली. दोन किलो राह्यली म्हणून काकासाहेबाला आजच्या दुधाच्या गाडीनं चिठ्ठी धाडलीय.

आईला नमस्कार सांग, आकांक्षाला आशीर्वाद. तुझा लोभ आता कमी-जास्त होण्यातला राह्यला न्हाई, म्हणून तो मागत न्हाई.
तुझी आजी,
पुष्पाबाई